फेरभाजणीचा अर्ज

सरकारी सेवेत असताना मैलोगणती कालव्यांच्या अस्तरीकरणावर ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारून खाली स्वाक्षरी करताना ज्यांची लेखणी एकदाही अडखळली नाही, त्याच गृहस्थांना निवृत्तीनंतर टीचभर काचेच्या बशीवर तोच शेरा लिहिण्याचे धैर्य होऊ नये, हा मनुष्यस्वभावातील चमत्कार मानावा की सरकारी कालव्यांवरील अभिप्राय समजावा, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवतो. आमचे हे स्नेही पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता या हुद्द्यावरून निवृत्त झाले. निवृत्त गृहस्थाने उर्वरित आयुष्य कसे व्यतीत करावे याविषयी आपल्या समाजाने काही मार्ग आखून दिलेले आहेत : सोसायटीचे चिटणीसपद, टेकडीवरचे प्रातःकालीन भ्रमण, ज्ञानेश्वरीचे पारायण, आणि हे तिन्ही न झेपल्यास वर्तमानपत्रांच्या संपादकांशी पत्रव्यवहार. साहेबांनी यांपैकी एकही मार्ग न स्वीकारता काच भाजण्याचा मार्ग स्वीकारला. आणि तेवढ्यावर न थांबता, एकदा भाजलेली काच पुन्हा भाजण्याचा.

या प्रकरणाचे मूळ शोधू गेल्यास ते अमेरिकेत, ऑरेगन प्रांतातील पोर्टलंड शहरी सापडते. साहेबांची कन्या त्या बाजूला नोकरीस असून तिच्या बाळंतपणानिमित्त हे दांपत्य तिकडे गेले असता, नातवंड झोपल्यानंतर मिळणाऱ्या रिकाम्या वेळात वहिनींनी काच जोडण्याच्या एका वर्गात नाव घातले. पोर्टलंड हे या विद्येचे काशीक्षेत्र आहे. १९७४ साली तिघा तरुणांनी तेथे ‘बुल्सआय’ नावाचा रंगीत काचेचा कारखाना काढला; आणि १९७९ मध्ये क्लाउस मोये हा मूळचा हाम्बुर्गचा कलावंत अमेरिकेत शिकवायला आला असता, भट्टीत एकत्र भाजल्या तरी एकमेकींना तडा जाऊ न देणाऱ्या रंगीत काचा असत्या तर काय काय करता येईल हे त्याने बोलून दाखवताच, या मंडळींनी तशा काचा तयार करण्याचा विडा उचलला. अशा जुळणाऱ्या काचा आता जगभर जातात, आणि त्यांच्यामागोमाग जगभरच्या सुखी संसारांत भट्ट्याही जातात. वहिनींनी कला शिकून घेतली. साहेबांनी तिचे दप्तर ठेवायला घेतले. पूर्वी जेथे त्यांची स्कूटर उभी राहत असे, त्या जागी आज एक बसकी, अष्टकोनी, वरून झाकण असलेली विजेची भट्टी स्थानापन्न झाली आहे, आणि ती चालू असेपर्यंत घरात गीझर लावण्यास मनाई आहे.

पहिल्या भाजणीत तक्रारीस वाव नसतो. तीन मिलिमीटर जाडीच्या रंगीत काचा हिऱ्याने वा चाकाच्या कटरने कापाव्या, एकावर एक रचाव्या, ॲल्युमिना आणि चिनी माती यांचा पातळ लेप दिलेल्या फरशीवर ठेवाव्या आणि झाकण लावावे. पारा चढत चढत सुमारे ८०० अंश सेल्सियसला पोहोचतो, तुकड्यांच्या कडा गोलावतात, दोन थरांचा एक थर होतो. मग भट्टी आपोआप थंड होत ५०० अंशांच्या आसपास येऊन थबकते. तेथे काचेला निवांत बसवून तिच्या पोटातला ताण उतरवायचा असतो, ज्याला शास्त्रज्ञ अनुशीतन म्हणतात आणि वहिनी ‘निववणे’ म्हणतात. त्यानंतर रात्रभर झाकणाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत कठीण आहे. कालव्याला पाणी सुटण्याची वर्षानुवर्षे शांतपणे वाट पाहणारे साहेब, भट्टी १०० अंशांच्या खाली उतरेपर्यंत मध्यरात्री तीनतीनदा उठून अंगणात फेऱ्या घालतात, आणि शेजारच्या कुत्र्यांचा आता त्यांच्यावर भुंकण्यातला रस संपला आहे.

सकाळी झाकण उघडते. वहिनी म्हणतात, “छान झाली हो!” साहेब चष्मा कपाळावर सरकवून बशी उजेडात धरतात, फिरवतात, उलटी करतात, आणि नोंदवही उघडतात. तारीख, वस्तूचा तपशील, काचेचा प्रकार, तापमानाचे टप्पे आणि शेरा असे पाच रकाने आखलेली ही नोंदवही जिज्ञासूंनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातील शेऱ्याच्या रकान्यात ‘समाधानकारक’ हा शब्द कोठेही आढळत नाही. ‘ईशान्य कोपऱ्यात मुगाएवढा बुडबुडा. फेरभाजणी.’ ‘निळा रंग अपेक्षेपेक्षा गंभीर. फेरभाजणी.’ ‘तक्रार निश्चित सांगता येत नाही, परंतु आहे. सबब फेरभाजणी.’

या तिसऱ्या नोंदीत सगळे मर्म आहे. फेरभाजणीला खरी कारणे असतात हे मी नाकारत नाही. कधी आच कमी पडल्याने थर नुसते चिकटलेले राहतात. कधी दोन काचांमध्ये हवा कोंडून फुगा येतो. कधी एखादा कोपरा टवका उडून धारदार होतो. कधी कडा घासून सारख्या केल्यावर त्यांवर झळाळी आणण्यासाठी सातशे अंशांच्या आसपासची हलकी आच द्यावी लागते. सपाट चकती साच्यावर ठेवून तिला वाडग्याचा आकार द्यायचा तर साडेसहाशे अंशांच्या आगेमागे एक भाजणी वेगळीच होते. या विद्येत जाणत्यांचा संकेत असा की भाजण्यांचा क्रम उतरत्या भाजणीचा असावा : सर्वांत तीव्र आच आधी, साच्यातली सौम्य आच शेवटी. कारण वाडगा झाल्यानंतर पुन्हा ८०० अंशांवर गेलात तर वाडगा उरत नाही. हे सर्व साहेबांना ठाऊक आहे, नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ते लिहिलेलेही आहे. आणि तरीही वाडग्याच्या तळाशी एक ठिपका दिसताच ते पहिल्या पानाकडे पाठ फिरवून चढती भाजणी सुरू करतात.

कारण फेरभाजणी करणाऱ्याची मूळ श्रद्धाच अशी असते, की ज्या अग्नीने वस्तू बिघडवली तोच अग्नी ती दुरुस्त करील. ही श्रद्धा काचेच्या स्वभावाला मान्य नाही. काच वितळते असे आपण ढोबळपणे म्हणतो. परंतु ८०० अंशांवर ती मधाहून कितीतरी घट्ट असते, सरकते तीही नाखुशीने, आणि शेजारच्या रंगात मिसळण्याचे तर नावच घेत नाही. तांबडा तुकडा जेथे ठेवला तेथेच तांबडा राहतो. चुकीच्या जागी ठेवला असेल तर चुकीच्या जागी कायम होतो. काचकारखान्यातल्या भट्टीची गोष्ट निराळी. तळेगाव दाभाडे येथे लोकांनी पैसापैसा दिलेल्या वर्गणीतून १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ज्यांच्या उजेडात महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी पाढे घोकले त्या प्रभाकर कंदिलांचा कारखाना चालला. आणि अशा कोणत्याही कारखान्यात फुटका माल हे संकट नसून सामग्री असते. भंगार काच वाळू-सोड्याच्या कच्च्या मिश्रणापेक्षा लवकर वितळते. मिश्रणात दर शेकडा १० भंगार घातल्यास इंधनाची शेकडा अडीच-तीन बचत होते असा उद्योगाचा ठोकताळा आहे. चौदाशे-पंधराशे अंशांच्या त्या कुंडात फुटक्या कंदिलाच्या काचेचे पूर्वचरित्र पार पुसले जाते आणि पुढल्या जन्मी ती बरणी होऊन लोणच्याच्या सेवेस लागली तरी तिला मागले काही आठवत नाही. साहेबांना हा मोक्षमार्ग नको आहे. त्यांना बशी तीच हवी, आकार तोच हवा, रंग तेच हवे, केवळ बुडबुडा तेवढा निघून जायला हवा. माणूस तोच ठेवून त्याच्यातला दोष तेवढा काढून घेण्याची ही उमेद मी याआधी फक्त नवविवाहित दांपत्यांत पाहिली होती, आणि तिकडेही फेरभाजण्यांचे निकाल याहून फारसे वेगळे लागलेले नाहीत.

पुन्हा भट्टीत जाणारी काच पहिल्यासारखी नसते, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पहिला अनर्थ ओढवतो. प्रथम भाजताना तीन-तीन मिलिमीटरच्या दोन सुट्या काचा असतात आणि त्या आपापली उष्णता आपापल्या परीने घेतात. आता त्यांची सहा मिलिमीटरची एकसंध लादी झालेली असते. तिचा पृष्ठभाग तापतो तेव्हा तिच्या गर्भाला त्याची वार्ताही पोहोचलेली नसते. त्यात तिच्यावर शोभेसाठी आणखी तुकडे ठेवले असले तर त्यांच्या सावलीतला भाग आणखी मागे राहतो. म्हणून सुमारे ५४० अंशांपर्यंत पहिल्यापेक्षा निम्म्या चालीने जावे, असा दंडक आहे. त्यापुढे काच मऊ होत जाते आणि आघाताने तडकण्याचे भय सरते. भट्टीच्या भिंतीतून डोकावणारा थर्मोकपल भट्टीतल्या हवेचे तपमान सांगतो, काचेच्या पोटातले नव्हे; म्हणजे तालुक्याहून आलेल्या अहवालावर जिल्ह्याने जेवढा विश्वास ठेवावा तेवढाच त्याच्यावर ठेवायचा. हा दाखला मी साहेबांना दिला तेव्हा ते क्षणभर दुखावल्यासारखे दिसले.

तडा गेलाच तर साहेबांमधला अधिकारी पुरेपूर जागा होतो. अशा प्रसंगी त्यांनी केलेला पंचनामा ऐकणे हा एक निखळ आनंद आहे. तड्याची कड बोटाला गोलसर लागली, तर काच चढत्या आचेत तडकली आणि पुढच्या तापाने तिच्या कडा मऊ झाल्या, म्हणजे कसूर घाईची. कड सुरीसारखी धारदार असेल, तर तडा उतरत्या आचेत किंवा भट्टी निवल्यावर पडला, म्हणजे कसूर अपुऱ्या अनुशीतनाची. आणि तडा दोन रंगांच्या सीमेवरून इमानाने चाललेला असेल, तर त्या दोन काचांचे मुळातच पटत नव्हते. या शेवटच्या प्रकारात साहेबांचा आवाज खालच्या पट्टीत येतो. काच तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचते, आणि त्याचे प्रमाण प्रत्येक जातीचे वेगळे. पोर्टलंडच्या त्या काचेचा प्रसरणांक ९० धरतात, दुसऱ्या एका घराण्याचा ९६, आणि आपल्या खिडकीच्या साध्या काचेचा पंचाऐंशीच्या आसपास. ९६ वाल्या काचेला साहेब ‘शहाण्णव कुळी’ म्हणतात आणि तिची शिबंदी वेगळ्या खोक्यात, वेगळ्या फळीवर ठेवतात. कारण ९० शी तिचा संबंध जुळवला तर दहा सेंटिमीटरच्या बशीत, साडेचारशे अंश निवताना, दोघींच्या आकुंचनात सुमारे ०.०२७ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढाही नाही; आणि तेवढ्यावरून घर फुटते. “हे तुम्ही मला सांगता?” असे वहिनी यावर म्हणाल्या, त्यांना दोन जावा आहेत.

तज्ज्ञ मंडळी याच्याही पुढे जाऊन सांगतात, की नुसता अंक जुळून भागत नाही. कोणत्या तापमानाला कोणती काच किती घट्ट राहते हेही जुळावे लागते. शिवाय वारंवार भाजल्याने काही रंगीत, विशेषतः अपारदर्शक, काचांचा स्वभावच थोडाथोडा पालटत जातो, आणि पहिल्या भाजणीत गुण्यागोविंदाने नांदलेल्या दोन काचा चौथीत एकमेकींचे तोंड पाहीनाशा होतात. रंगांचेही तेच. पिवळ्या-तांबड्या काचांत सेलेनियम, कॅडमियम, गंधक अशी तालेवार मंडळी असतात. त्यांना आच जास्त झाली की तांबड्याचा तपकिरी होतो. गंधकवाली पिवळी काच तांबेयुक्त मोरपंखी काचेशेजारी भाजली तर दोघींच्या सीमेवर एक काळपट रेघ उमटते, आणि प्रत्येक नव्या भाजणीत ती आपली हद्द वाढवत नेते. साहेबांनी ही रेघ घालवण्यासाठी भाजणी केली, रेघ रुंदावली. रुंदावलेली रेघ हाच अलंकार आहे असे दाखवण्यासाठी आणखी एक केली, तेव्हा तिचा पट्टा झाला. आज ती बशी पाहणाऱ्याला नदीचे पात्र दिसते. वहिनी सर्वांना सांगतात की ते उजनीचे धरण आहे, आणि पाहुणे साहेबांच्या खात्याचा गौरव करून निघून जातात.

सहा मिलिमीटरचा कायदा मात्र विनोदाच्या पलीकडचा आहे. वितळलेल्या काचेला पृष्ठताण आत ओढतो आणि गुरुत्वाकर्षण खाली दडपून बाहेर ढकलते. या दोन सत्तांमध्ये झालेल्या तहाचे कलम एकच, की मोकळी सोडलेली काच सुमारे ६ मिलिमीटर जाडीवर स्थिरावेल. एकच थर भाजला तर तो कडांनी आत सरकतो आणि कोपऱ्यांना अणकुचीदार टोके येतात. तीन थर भाजले तर जादा माल बाहेर वाहतो. आता फेरभाजणीत दोष झाकण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे वरून आणखी एक पारदर्शक थर चढवणे. त्यामुळे दोष झाकला जातो, परंतु जाडी नऊ मिलिमीटर होते, आणि तहाचे कलम लागू होऊन चौकोनी बशी चारी दिशांना आपली रयत पसरवते. पूर्वीचा समभुज चौकोन आता कोणत्याही भूमितीला ओळख देत नाही. मग कडा कापणे आले, कापलेल्या कडा झळाळवण्यासाठी आणखी आच आली, त्या आचेत पृष्ठभागावर पांढुरका निस्तेज थर धरणे आले. या थराला हे लोक ‘डेव्हिट’ म्हणतात. सातशे-साडेसातशे अंशांच्या टापूत काच फार काळ रेंगाळली, किंवा तिच्यावर बोटांचा ठसा, धूळ, कापतानाचे तेल राहिले, की तिच्यातील रेणू स्फटिकांच्या रांगा लावून उभे राहू लागतात. काचेचे काचपण म्हणजे रांग न लावणे. रांग लागली की चमक गेली. एरवी कोणत्याही कचेरीत रांग लागण्याविषयी आग्रही असलेले साहेब येथे मात्र रांग दिसताच अस्वस्थ होतात. उपाय असा, की तो थर घासून काढावा, किंवा त्यावर स्वच्छ काचेची भुकटी भुरभुरावी, किंवा टाकणखाराचे पाणी फवारावे. आणि मग, हे सांगायला नकोच, पुन्हा भाजावे. आगीतून उठून फुफाट्यात पडणे ही म्हण ज्याने काढली त्याला निदान फुफाट्यातून परत आगीत जाण्याची सवय नव्हती.

एका बाबतीत मात्र भट्टी खरोखर क्षमाशील आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. ज्येष्ठातल्या एका वादळी रात्री काच पुरती निवण्याआधीच वीज गेली. ती परत येईपर्यंत भट्टी आपल्या मनाने थंड झाली होती आणि बशी अखंड बाहेर आली. साहेबांनी प्रकाश एकाच पातळीत जाऊ देणाऱ्या दोन फिल्मा एकमेकींशी काटकोनात धरून मधून बशी पाहिली, तेव्हा तिच्यात पांढरे ढग उजळून दिसले. ते ढग म्हणजे कोंडलेला ताण. अशी वस्तू आज धड दिसते आणि उद्या कपाटातल्या कपाटात, कोणी हात न लावता, फाटकन तुटते. रूपर्टचे थेंब म्हणून प्रसिद्ध असलेले काचेचे अश्रू याच ताणावर जगतात : डोक्यावर हातोडी सोसतात आणि शेपूट मोडताच पीठ होतात. परंतु ताण तेवढा एकच दोष असा आहे, की बशी हळूहळू पुन्हा अनुशीतनाच्या तापमानाला नेऊन पुरेसा वेळ ठेवली आणि तितक्याच सावकाश उतरवली, तर तो खरोखरच निघून जातो, मागे खूण राहत नाही. साहेबांनी तसे केले. ढग विरले. फेरभाजणीच्या इतिहासातला हा निर्विवाद यशाचा प्रसंग, आणि वहिनी म्हणतात त्याप्रमाणे यात साहेबांची स्वतःची इच्छा कोठेही गुंतलेली नव्हती म्हणूनच तो यशस्वी झाला. यश पचवणे साहेबांना जड गेले. दुसऱ्याच दिवशी, ‘भट्टी तापलेलीच आहे’ या सबबीवर, त्यांनी त्या बशीवर हिरवे ठिपके चढवले.

वहिनींचा मार्ग निराळा. बिघडलेली बशी दिसली की त्या तिच्याविषयी शोकसभा न भरवता पाण्याच्या धारेखाली चालणाऱ्या करवतीवर तिच्या पट्ट्या कापतात, पट्ट्या आडव्या पाडून नव्याने मांडतात, आणि त्या मांडणीची एक नवी वस्तू भाजतात. क्लाउस मोयेनेही असेच केले होते : काच जोडून, कापून, फिरवून, पुन्हा जोडून त्याने अशी रंगदार पात्रे घडवली, की १९८२ मध्ये कॅनबेराच्या कलाशाळेने काचेचा विभाग उभारण्यासाठी त्याला ऑस्ट्रेलियात बोलावून घेतले. हीही फेरभाजणीच, पण हिच्यात जुन्या बशीचे पुनर्वसन नसून संपादन आहे. मोबदला न देता झालेले संपादन, असे साहेब कुरकुरतात. आपली बशी करवतीखाली जाताना पाहणे त्यांना सोसत नाही, आणि ते खोलीबाहेर जातात.

अशाच एका बाहेरून परतलेल्या क्षणी त्यांनी वहिनींना निरुत्तर करण्यासाठी पालोमारच्या दुर्बिणीचा दाखला काढला. साहेबांनी एखादा दाखला काढला की तो समूळ ऐकावा लागतो. पालोमार पर्वतावरील त्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाचा आरसा न्यूयॉर्क प्रांतातील कॉर्निंगच्या काचकारखान्याने ओतला. काच वीस टनांची. १९३४ च्या मार्चमध्ये पहिली चकती ओतताना साच्यातले ठोकळे सुटून वितळलेल्या काचेवर तरंगू लागले आणि काम फसले. डिसेंबरात पुन्हा ओतले. आणि मग ती प्रचंड चकती निववण्यासाठी महिनेच्या महिने, दिवसाला अंशभरापेक्षाही कमी उतारावर ठेवली. पुढल्या जुलैत चेमुंग नदीला पूर येऊन पाणी कारखान्यात शिरले, वीज तोडावी लागली, तरी चकती वाचली.

“याला म्हणतात धीर,” साहेब म्हणाले. “पहिल्यांदा फसलं म्हणून ते लोक बसले का हात बांधून?”

“नाही ना,” वहिनी पट्ट्या पुसत म्हणाल्या. “पण अहो, दुसऱ्या वेळेला त्यांनी नवीन ओतला. तोच परत भाजत नाही बसले.”

साहेबांनी नोंदवही मिटली. सरकारी नोकरीत अशा वेळी ‘प्रकरण वरिष्ठांच्या विचारार्थ’ असे लिहिण्याची सोय असते. गृहस्थाश्रमात वरिष्ठ समोरच बसलेले असतात.

यंदाच्या संक्रांतीला वहिनींनी या सर्व प्रलंबित प्रकरणांचा एकदमच निकाल लावला. साहेब हुरडा खायला गावाकडे गेले असता, फळीवर फेरभाजणीच्या प्रतीक्षेत असलेल्या यच्चयावत बश्या त्यांनी धुतल्या, पुसल्या, प्रत्येकीत तिळगुळाची पुरचुंडी ठेवली आणि हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना वाण म्हणून लुटल्या. परत आल्यावर रिकामी फळी पाहून साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ कोणाकोणाकडे काय गेले याची यादी मागितली, वहिनींनी ती आठवेल तशी सांगितली, आणि नोंदवहीत ‘तात्पुरता ताबा’ असा एक सहावा रकाना आखला गेला. त्यानंतर आमच्या आळीत साहेबांचे येणेजाणे फार वाढले. पूर्वी ज्यांच्या घरी ते सत्यनारायणालाही जात नसत, तेथे आता ते सहज चहाला डोकावतात, बशीतले शेंगदाणे तळहातावर ओतून घेतात, बशी खिडकीकडे धरतात, आणि ती दोन दिवस मिळेल काय अशी चौकशी करतात. दोघी-तिघींनी भिडेखातर बश्या दिल्याही. शेजारधर्माप्रमाणे रिकामी कशी द्यायची म्हणून त्यांत लाडू घालून दिल्या, आणि त्यामुळे वहिनींना लगेच पत्ता लागला.

आमच्या वाट्याला उजनीचे धरण आले आहे. परवा साहेब आले, बसले, धरणाकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि घसा साफ करून आमच्या सौभाग्यवतीला म्हणाले, “वहिनी, डाव्या तीरावर थोडं काम राहिलंय. एक हलकी आच दिली की झालं.”

“भाऊजी, वाण परत देत नाहीत,” ती म्हणाली आणि बशी घेऊन आत गेली.

साहेबांनी माझ्याकडे वळून, असा नियम असल्यास तो कोठे लेखी नमूद आहे काय, अशी पृच्छा केली.